चार तासांचा बॅकअप

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली, दिवा गेला, पंखा गेला, आणि विनायकला आधी आनंदच झाला. अख्ख्या सुकापूरची लाइट गेली असणार, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात मात्र सगळं झकास चालू असणार. का, तर बॅटऱ्या.

त्यासाठी त्याने महिनाभर घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. पंख्यांचे वॅट, फ्रिजचे वॅट, टीव्हीचे, वायफायचे. सगळ्यांची बेरीज करून, चार तास पुरेल आणि वर थोडं शिल्लक राहील अशा बेताने त्याने गॅलरीत धिप्पाड बॅटऱ्यांची रांग मांडली. वसुंधराच्या कुंड्या जिन्यात गेल्या. “लाइट कधी गेली ते कळणारसुद्धा नाही,” असं तो बायकोलाच काय, येईल त्याला ऐकवायचा. आत्ताही त्याच्या हातात बॅटऱ्यांत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा मोठा कॅन होता.

त्याने घरी फोन लावला.

“अगं, लाइट गेली ना?”

“नाही हो. टीव्ही चालू आहे की,” वसुंधरा म्हणाली.

“अगं, तो बॅटरीवर चालू आहे! पंखा फिरतोय? जोरात? आणि फ्रिज?”

“फिरतोय हो सगळं. या तुम्ही लवकर.”

विनायकने समाधानाने फोन ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं, आपण लिफ्टमध्ये अडकलोय हे सांगायचं राहूनच गेलं. पुन्हा लावायला गेला तर मोबाइलने मान टाकली. घरभराच्या बॅटरीचा हिशोब करणाऱ्या माणसाने स्वतःचा फोन चार्ज केला नव्हता. “वा, विनायकराव,” तो अंधारात म्हणाला.

त्याने लिफ्टची घंटा दाबली. वाजली नाही. लिफ्टची बॅटरी मेली आहे हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला होता, तेव्हा तो शेजारच्याला आपल्या बॅटऱ्यांचे फोटो दाखवत होता. त्याला घाम फुटला. तहान लागली. हातात कॅनभर पाणी होतं आणि त्यातला घोटही पिण्याचा नव्हता. त्याने दार बडवलं. वर त्याच्याच टीव्हीत कुणीतरी खो खो हसलं.

मग सवयीने त्याने हिशोब मांडला. पंखे बंद पडल्याशिवाय घरातलं कुणी बाहेर डोकावणार नाही. पंखे चार तास बंद पडणार नाहीत. म्हणजे चार तास आपली कुणाला आठवण येणार नाही, आणि ही सोय आपणच करून ठेवली आहे. वर थोडं शिल्लक धरून. त्याला हसू आलं, पण वाईटही वाटलं. पूर्वी लाइट गेली की पहिली हाक त्यालाच यायची. अहो, मेणबत्ती कुठे आहे? बाबा, टॉर्च! बॅटऱ्या आल्यापासून ती हाक एकदाही आली नव्हती.

शेवटी त्याची धडपड ऐकली ती तिसऱ्या मजल्यावरच्या गुणाबाईंनी. त्या उरणहून लेकाकडे राहायला आलेल्या. घरात अंधार आणि उकाडा, म्हणून जिन्यात येऊन पदराने वारा घेत बसल्या होत्या.

“कोन हाय आत?”

“मी विनायक, चौथ्या मजल्यावरचा. आमच्या घरी सांगता का जरा?”

“तुमच्या घरात तं उजेड हाय,” गुणाबाई म्हणाल्या. “मंग तुमाला कोन शोधाला येनार?”

त्यांनीच वॉचमनला हाका मारल्या. त्याने चावीने दार उघडलं आणि विनायक कॅनसकट उडी मारून बाहेर आला. घामाघूम होऊन घरात शिरला, तर मुलगा शार्दूल सोफ्यावरून मानही न वळवता म्हणाला, “बाबा, त्या बॅटऱ्या तुम्ही उगाच घेतल्या. हल्ली लाइट जातेच कुठे?”

विनायकने कॅन गॅलरीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाहीसं बघून त्याने टीव्हीची आणि हॉलच्या दिव्याची वायर बॅटरीच्या लाइनवरून गुपचूप काढून साध्या लाइनला जोडली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. हॉलमध्ये अंधार झाला, टीव्ही गप्प झाला.

“बाबा!”

“अहो, लाइट गेली! कुठे आहात?”

विनायक आतल्या खोलीत टॉर्च हातात घेऊन तयारच बसला होता. पण लगेच उठला नाही. अजून एक हाक येऊ दे, मग जाऊ.