न गळलेली नाळ

तेविसावा दिवस उजाडला तरी बाळाची नाळ गळली नव्हती. नाळ गळल्याशिवाय बारसं नाही, असा घरचा रिवाज. त्यामुळे पोर अजून बिननावाचीच होती.

"वाळायचं नाव घेत नाही गं बाई! आत्ता कापल्यासारखी आहे," अंघोळ घालणाऱ्या शेवंतामावशी म्हणाल्या. "पोटुशी असताना खाल्लंस तरी काय?"

"सगळं जपून खाल्लं, मावशी. सुट्टं काहीच नाही. पाकिटबंद, तेही शिक्का बघून."

म्हणजे अन्न टिकवणारी 'चिरताजा' पूड घातलेलं. वर्षभर न नासणारं, तपासून सुरक्षित ठरवलेलं. नऊ महिने इरावतीने प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली होती.

"तेच म्हणते मी. नाळसुद्धा जराशी कुजते, तेव्हाच सुटते बाळाची."

कुजायला जंतू लागतात, हे इरावती कॉलेजात शिकली होती. एकदम तिला आठवलं, पाचव्या दिवशी छाती दुखत होती म्हणून तिने दूध पिळून झाकणाच्या वाटीत काढलं होतं. ती वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत तशीच राहिली होती, वैशाखाच्या उन्हात.

ती धावतच गेली. झाकण उघडताना तिने श्वास रोखला. त्या क्षणी तिला घाण वास हवा होता, अगदी हवा होता.

दूध फाटलं नव्हतं, आंबलं नव्हतं. गोड वास येत होता.

आत पोर भुकेने रडू लागली. "घे गं लवकर, किती कळवळतेय!" मावशींनी हाक मारली.

पान्हा फुटला. तो थोपवायला इरावतीने दोन्ही हातांनी छाती घट्ट दाबून धरली.