धामणीचा पूल

"अहवाल प्राप्त होताच उचित कार्यवाही करण्यात येईल." सचिवांनी लिहून दिलेलं उत्तर वाचून व्यंकटराव खाली बसले. मंत्री म्हणून विधानसभेतलं त्यांचं हे पहिलंच उत्तर. प्रश्न होता त्यांच्याच मतदारसंघातल्या धामणीच्या पुलाचा. हाच प्रश्न विचारत त्यांनी पंचवीस वर्षं विरोधी बाकांवर काढली होती आणि दरवेळी हेच उत्तर ऐकून रागारागाने सभात्याग केला होता. यंदा कुठे वारं फिरलं, पक्ष सत्तेत आला आणि बांधकाम खातं त्यांच्या पदरात पडलं.

विरोधक खवळले. "अहो, पूल कधी होणार ते सांगा! नाहीतर हा आमचा सभात्याग!" म्हणत सगळे उठले. घोषणा कानावर पडल्या आणि व्यंकटरावांचे पाय आपोआप हलले. धोतराचा सोगा सावरत ते त्या घोळक्यात शिरले. पायऱ्यांवर पोचेपर्यंत सगळ्यांच्या वर त्यांचाच आवाज होता, "बांधकाम मंत्र्यांचा धिक्कार असो!"

बाकीचे वळून त्यांच्याकडे बघू लागले. विरोधी पक्षनेत्याने हळूच त्यांचा दंड धरला. "व्यंकटराव, अहो, बांधकाम मंत्री तुम्हीच आहात."

व्यंकटरावांनी कपाळावर हात मारला. मागे फिरणार तोच चॅनेलवाल्यांचे माईक आडवे आले. "साहेब, तुम्ही बाहेर कसे?"

व्यंकटरावांनी क्षणभर विचार केला, घसा खाकरला.

"मंत्र्याचं उत्तर ऐकलंत ना? पंचवीस वर्षं झाली, तेच उत्तर! माणसाने आत बसायचं तरी कसं?"