वेल्डरची यशोगाथा

अनुदानाच्या अर्जातला शेवटचा रकाना तेवढा उरला होता: ‘संस्थेची यशोगाथा, फोटोसह’. संध्याकाळी अर्ज घेणं बंद होणार होतं. हे अनुदान हातचं गेलं, तर घरमालक महिनाअखेरीला व्यसनमुक्ती केंद्राला कुलूप ठोकणार होता. वरच्या मजल्यावर उपचार घेणाऱ्या माणसांना मग कुठे पाठवायचं, असा प्रश्न केंद्र चालवणाऱ्या ताईंना पडला होता.

यशोगाथेची मात्र त्यांना काळजी नव्हती. वेल्डर होता ना! केंद्रात आला तेव्हा पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरूनही अंगावर सांडायचा. बरा होऊन गेला त्याला वर्ष झालं. आता कारखान्यात परत कामाला लागला होता, सकाळी लेकीला शाळेत सोडून मग ड्यूटीवर जायचा. ताईंनी एका दमात सगळं लिहून काढलं आणि फोटो वापरू का, हे विचारायला त्याच्या घरी फोन लावला.

फोन त्याच्या बायकोनं उचलला.

“ताई, देवासारखा फोन केलात. आम्ही तुमच्याकडेच यायला निघालोय.”

“का गं? काय झालं?”

पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले.

थोड्या वेळानं तिनं त्याला दंडाला धरून आत आणलं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, डोळे तांबारलेले. दारूचा भपकारा खोलीभर पसरला.

“परत सुरू झालंय,” ती म्हणाली. “कामावरूनही काढलं. ठेवून घ्या हो ताई, मी तुमच्या पाया पडते.”

ताईंनी त्याला खुर्चीत बसवलं. घड्याळ धावत होतं. दुसरं कोण आहे लिहिण्यासारखं? एकाचा पत्ता नव्हता, एक गाव सोडून गेलेला, एक तर या जगातच उरला नव्हता. त्यांनी संगणकाच्या पडद्यावरचा सगळा मजकूर निवडून निळा केला आणि खोडायच्या बटणावर बोट ठेवलं.

वेल्डर टेबलावर रेलून ओठ हलवत वाचत होता.

“हा मीच ना?”

“हो.”

“चांगलं लिहिलंय.” मग त्याला त्यांचं बोट दिसलं. त्यानं त्यांचं मनगट धरलं. “खोडू नका, ताई. वर्षभर मी असाच होतो.”

बायको पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

ताईंनी बोट उचललं. मजकूर तसाच ठेवला, खाली एक ओळ जोडली आणि परत न वाचताच अर्ज पाठवून दिला. ओळ होती: ‘तो आज पुन्हा आमच्या दारात आला आहे. त्याला ठेवून घ्यायला जागा हवी.’