निम्मा वाटा

सोनाळ्याची जनकाबाई आणि शेजारीण गोजरबाई, दोघींच्याही नवऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. गोजरबाईच्या नवऱ्याच्या गाठीत एक प्रोटीन सापडलं. "याच्याच जोरावर कॅन्सर अंगभर पसरतो. ही गोळी त्याला रोखते, एक दिवसही चुकवू नका," डॉक्टर म्हणाले. जनकाबाईच्या नवऱ्याच्या गाठीत ते नव्हतंच. त्याला गोळी लागू पडणार नाही, हेही डॉक्टरांनी जनकाबाईला सांगितलं. महिन्याभरात गोजरबाईचा नवरा पारावर जाऊन गप्पा हाणू लागला. जनकाबाईचा खाटेवरून उठेना. शेजाऱ्याला बघून जनकाबाईचा जळफळाट व्हायचा. दुखण्यातही मेलीचंच नशीब थोर! दोघींत विरजणापासून वाळवणापर्यंत निम्मंनिम्मं चालायचं. त्याच सवयीनं गोजरबाईनं येऊन गोळ्यांचं पाकीट मधोमध कापलं. "घे वं माय, अर्ध्या तुह्या मालकाले. रोग तं एकच हाय. माह्यावाल्याले एक दिवसाआड देईन." ओठांवर आलेलं ‘त्याले रोजच दे’ गिळून जनकाबाईनं पदर पुढे केला.