हौदातला मासा

हिराने खोल्या पाहिल्याच नाहीत. डोक्यावर आज मासळीची पाटी नव्हती. हातात झाकण लावलेली डेगची होती. ती घर ओलांडून थेट मागे, पोहण्याच्या हौदाशी गेली.

डेगचीत डोकावून एकनाथ हसला. "हिराबाई, मासे विकायला आलीस की घर घ्यायला?"

"घ्यायलाच, भाऊ." आत गावतळ्यातले बोटभर दोन मासे फिरत होते. "घर घ्यायचं तर पयले तिथल्या पान्यात मासे सोडायचे. माजी सासू तसंच करायची. नाचले, तर घर आपलं."

एकनाथची आई चंद्रकांताबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं त्या साली त्यांच्या नवऱ्याने, कमलाकांतांनी, हा हौद बांधला, तेव्हा सारी चिंचणी बघायला लोटली होती. नवीन लग्न झालेली हिराही. "दर्या हाय की दाराशी, मग हा कशाला?" असं तिनेच तोंडावर विचारलं होतं.

"इहिरीचंच पानी ना ह्ये?" आता तिने विचारलं.

"मग! मोटर लावली की सकाळपर्यंत भरतो," एकनाथ म्हणाला.

काल दुपारी या हौदात तीन टँकर रिकामे झाले होते. कारखान्यांच्या नाल्याचं पाणी मुरत मुरत दिवाळीत विहिरीपर्यंत आलं होतं. बोईसरची दोन गिऱ्हाइकं विहिरीत डोकावून परत गेली, तसा एकनाथने विहिरीवर पत्रा टाकला. घर विकलं तर दहिसरला मोठी जागा घेता येणार होती, आणि तिथे आईला एक खोली. नाहीतर आई इथेच.

हिरा एक दिवसाआड पाटी उतरवून पाणी मागायची. दिवाळीपासून चंद्रकांताबाई तिला टँकरचं पाणी देत होत्या. बोलल्या काहीच नव्हत्या.

हिराने एक मासा हौदात सोडला. तो सुळकन खाली गेला, वळला, वर आला.

"नाचला गं बाय!" हिरा पोरीसारखी ओरडली. "सून दिवसांत हाय माजी. मी वीस वर्सं या इहिरीचं पानी पिली, आता नातू पिल."

"मग कागद करायचे ना?" एकनाथने खिशातून पेन काढलं.

हिराने डेगची पुन्हा कलती केली.

"दुसरा तिथे नको, हिरा." चंद्रकांताबाई उठल्या.

"आई, तू आत जा. ऊन लागेल."

त्या विहिरीपाशी गेल्या. दोन्ही हातांनी त्यांनी पत्रा ओढला; तो हलेना. काही न कळून हिराने दुसरी बाजू धरली, तेव्हा तो सरकला.

"हा इथे सोड," त्या म्हणाल्या.

वासाबरोबर हिराचा हात नाकाशी गेला. ती वाकली. खाली काळं पाणी, वर तेलकट तवंग.

"मग मला काय पाजत व्हतीस, बाय?"

"टँकरचं."

हिराने त्यांच्याकडे पाहिलं. एकनाथकडे पाहिलं नाही. मग ती हौदाशी परतली, लुगडं वर खोचलं आणि सोडलेला मासा धरायला पाण्यात उतरली.

चंद्रकांताबाई हौदाच्या कठड्याशी येऊन डेगची धरून उभ्या राहिल्या.