उभ्यानं बघायचा खेळ

गणपतराव चपलवाल्याच्या खिडकीचे गज धरून आपला नवरा उभा आहे, हे चिमणाबाईला गल्लीच्या कोपऱ्यावरूनच दिसलं. रविवारची दुपार, फरशी तव्यासारखी तापलेली आणि जोतीरामच्या पायात वहाण नाही. डोक्यावर टोपी मात्र कडक.

"आवो! भाकरी मागाय उभं ऱ्हायलाय काय लोकांच्या दारात?"

जोतीरामनं मान वळवली नाही. एक हात मागं करून गप म्हणून हलवला तेवढा.

चिमणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली. गप म्हणायचं काम त्या घरात तिचं होतं. तरातरा जाऊन तिनं त्याच्या खांद्यावरून आत डोकावलं.

आत सतरंजीवर दहाबारा माणसं दाटीवाटीनं बसलेली. समोर गणपतरावांचा नवा टीव्ही, आणि त्याच्यापुढं मिरवायला लावलेली निळी प्लास्टिकची काच. पडद्यावर एक माणूस, वरातीतल्या बँडवाल्यासारखं जाकीट घातलेला, काठी घेऊन टेबलाभोवती हिंडत होता. वाकायचा, उठायचा, काठीच्या टोकाला खडू घासायचा, पुन्हा वाकायचा.

"एवढ्यात दोन भाकऱ्या थापून झाल्या असत्या माझ्या," चिमणाबाई म्हणाली. "मार की मुडद्या एकदाचं!"

आत गणपतराव वैतागले होते. "पेपरात म्हणं रंगीबेरंगी गोट्या. हितं बघावं तर सगळे बटाटे."

"आता मारतोय तो निळा," जोतीराम गजाआडून म्हणाला.

आत हशा पिकला. "काका, काळ्यापांढऱ्या टीव्हीत निळा दिसतोय व्हय तुमास्नी?"

"दिसाय कशाला पायजे? टेबलाच्या मधोमध ठेवत्यात तो निळा. त्याच्या पल्याड गुलाबी, पार टोकाला काळा. ज्याची त्याची जागा ठरल्याली असती."

टीव्हीतला साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. त्यातलं 'ब्लू' तेवढं सगळ्यांना कळलं आणि हसणं थांबलं. गणपतरावांनी मागं वळून खिडकीकडं बघितलंसुद्धा. आत या, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

त्यांची बायको तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. मोरीच्या पाण्यावरून तिचा आणि चिमणाबाईचा तीन वर्षांचा अबोला. ती शेजारणीला सांगितल्यासारखं बोलली, पण आवाज खिडकीपर्यंत जाईल एवढा.

"क्लबात बिलियर्डच्या टेबलाव मार्कर हुते न्हवं ते. साहेब खेळणार आणि ह्यांनी गोटी उचलून जागेव ठेवायची. बघू दे की खिडकीतनं. उभं ऱ्हायची सवय हाय त्यास्नी."

जोतीरामची नजर टेबलावरून हलली नाही. चिमणाबाईनं मात्र शब्द न् शब्द ऐकला. चाळीस वर्षं त्या टेबलाशेजारी उभं राहून त्याचे पाय फुगून यायचे. त्या पायांना तेल कोण लावायचं? त्या खेळाचं नाव कुणी घरात काढलं तरी ती भांडी आपटायची.

ती घरी गेली आणि लोखंडी घडीची खुर्ची काखोटीला मारून परत आली. मेलो तरी तुझा उंबरा चढणार न्हाय, असं तिनं तानाबाईला गल्लीदेखत सुनावलं होतं. चढली. सतरंजीवरची माणसं गुडघ्यानं सारत गेली आणि बरोबर मधोमध खुर्ची उघडून आपटली.

"आगं, सतरंजी हाय की एवढी," तानाबाई तीन वर्षांनी तिच्याशी बोलली.

"असू दे. तुझी तुला." मग खिडकीकडं बघून, "आवो, आत या. बसा हितं."

जोतीराम आत आला. टोपी सारखी केली, खुर्चीच्या कडेला कसाबसा टेकला. पडद्यावरचा माणूस काठी घेऊन वाकला. जोतीराम उठून उभा राहिला, दोन्ही हात मागं.

"बसा म्हणतो न्हवं मी!" चिमणाबाई खेकसली.

"माणूस टेबलाव हाय," तो कुजबुजला. "तो मारत असताना बसाय येत न्हाय."

तानाबाईनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी फिसकन हसलं. चिमणाबाईनं एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं. मग त्या खुर्चीत स्वतःच बसली, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागच्यांना पडदा दिसेना. सरक म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

गोटी भोकात पडली. टाळ्या झाल्या. जाकीटवाला टेबलाला वळसा घालून पलीकडं गेला, तरी जोतीरामची नजर जिथल्या तिथं.

"तो गेला की तिकडं. तुमी कुणाला बघताय?"

"थांब. आता येतोय बघ."

पडद्याच्या कडेनं एक हात आला. नुसता हात, पांढरा मोजा घातलेला. भोकातनं काढलेली गोटी त्यानं टेबलाच्या मधोमध ठेवली, बोटांनी किंचित फिरवली, आणि आला तसा निघून गेला.

"बरोबर ठेवला," जोतीराम म्हणाला. पाठीमागं त्याचीही बोटं तशीच फिरली होती.

चिमणाबाई पडद्याकडं बघत राहिली. आता पुन्हा जाकीटवाला. पुन्हा त्याचंच तोंड, परातीएवढं मोठं.

"आणि त्या गोटी ठेवणाऱ्याचं तोंड?" ती टीव्हीवर ओरडली. "त्याचं तोंड दाखवायला काय धाड भरलीया रे तुमास्नी?"