नाव न घेतलेली हाक

कुमुदिनीबाईंनी पेज निववली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून नेहमीसारखी हाक मारली, “अहो, उठता ना?”

वामनरावांच्या पापण्या किंचित थरथरल्या आणि पुन्हा मिटल्या. पक्षाघातानंतर त्यांच्या कानामागे बसवलेली चिप त्यांना हाकेला जागं करायची आणि बॅटरी पुरावी म्हणून एरवी झोपवून ठेवायची. पण घरी आणल्यापासून ते पुरते जागे झालेच नव्हते.

चिप तपासायला आलेल्या तबस्सुमचा चेहरा उतरला. “मावशी, बॅटरी संपलीच म्हणायची. नवी बसत नाही हो. तुम्ही यांना नावानं हाक मारत नाही का?”

“नवऱ्याचं नाव?” बाई कसनुसं हसल्या. “लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. दवाखान्यात सांगितलं होतं नावानंच हाक मारा म्हणून, पण म्हटलं, आवाज तर माझाच ना?”

“कुठलाही आवाज आला की चिप अर्धवट जागी होते, नाव आहे का बघते, नसलं की झोपते. त्यातच बॅटरी गेली.”

“मी तर दिवसभर बोलत असते त्यांच्याशी.”

तबस्सुमनं मान खाली घातली. “आता एकदाच जागे होतील.”

बाईंनी पदर सावरला. ओठ दोनदा हलले, मग आवाज फुटला. “वामनराव.”

त्यांचे डोळे सताड उघडले. “ऐकायचो गं,” ते म्हणाले. “दर वेळी ऐकायचो. ओ द्यायच्या आत…”

कानामागचा हिरवा दिवा विझला.

त्या दुपारी शेजाऱ्यांनी बाईंच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. कितीतरी वेळ ऐकू येत होतं.